जावईबापूंची तपासणी

त्या वळूला जावईबापू हे नाव पडलं ते त्याच्या थाटामुळे. खायला पहिला, कामाला शेवटचा, आणि कामावर आणायचं म्हटलं की चौघांनी मिनतवाऱ्या करायच्या. वळू जावई झाल्यावर त्याला वासरू असल्यापासून सांभाळणारा राखणदार आपोआप सासरेबुवा झाला. या सासरेबुवांना पोरबाळ काही नव्हतं. बायको करवादायची, "मुलगी नाही झाली, पण जावई मात्र माझ्या डोक्यावर येऊन बसला!" आणि केळीच्या सालींची पिशवी स्वतःच त्यांच्या हातात द्यायची.

रेतन केंद्राचं काम साधं. वळूचं रेत, म्हणजे वीर्य, गोळा करायचं, सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली तपासायचं आणि बर्फाच्या डब्यातून गावोगावी गाईंसाठी धाडायचं. पण त्या वर्षी उन्हाळा असा पेटला, की गोठ्याचे पत्रे तडतडायचे आणि वळू जिभा बाहेर काढून उभ्या उभ्या धापा टाकायचे. सासरेबुवांनी ओली पोती टांगली, स्वतःच्या घरचा पंखा आणून लावला. बायको घामानं न्हाली, पण बोलली नाही. आता एवढं बायको बोलत नाही म्हणजे गोष्ट किती गंभीर, ते ओळखा!

पुढं गावोगावहून निरोप येऊ लागले, "गाई उलटताहेत." म्हणजे भरवलेली गाय गाभण राहत नव्हती, पुन्हा माजावर येत होती. शोध घेता घेता बोट जावईबापूंवर येऊन थांबलं. केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तर रेतात दम नाही; उन्हाचा तडाखा, त्या म्हणाल्या. केंद्राच्या मुख्य साहेबांनी निकाल देऊन टाकला, "उद्या शेवटची तपासणी. नापास झाला की खाटकाची गाडी. नुसते फोटो काढायला ठेवायचाय का त्याला?"

सासरेबुवांचं डोकं रात्रभर एकाच जागी फिरत राहिलं, ऊन वैरी आहे, तर याला गार ठेवला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच हवा भट्टीसारखी होती. रेत गोळा करायच्या अंगणात न्यायच्या आधी त्यांनी जावईबापूंना शिंगांपासून शेपटीपर्यंत बादल्यांवर बादल्या पाणी घातलं. बापूंनी सुखानं डोळे मिटले. पोटाखालून पाणी निथळत असतानाच स्वारी अंगणात पोचली, आणि त्या दिवशी नवल म्हणजे एका हाकेत कामाला लागली. रेत गोळा करणाऱ्या लंबूनं नळी भरून आत नेली.

डॉक्टरीणबाई काचेवर वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"एकही शुक्रजंतू हलत नाही. सगळे मेलेत."

साहेबांनी खाटकाला फोन लावलासुद्धा. बाई मात्र पुन्हा काचेवर वाकल्या.

"थांबा. परवा थोडे होते, पण हलत तरी होते. आज झाडून सगळ्यांच्या शेपट्या गुंडाळल्यात. उन्हानं असं एकजात होत नाही. याला पाणी लागलंय. लंबू, नळीत पाणी कुठून आलं?"

"आईशपथ, मॅडम, नळी कोरडी ठणठणीत होती!"

सासरेबुवा पुढे झाले. "मी... आंघोळ घातली होती त्याला."

"कधी?"

"आत्ताच. आणायच्या आधी."

"अहो, काय केलंत हे! पोटावरून दोन थेंब नळीत ओघळले तरी पुरतात. जागच्या जागी मरतात ते."

साहेब कुत्सित हसले. "वा! कालपर्यंत ऊन वैरी होतं, आज पाणी झालं. उद्या म्हणाल, वारा लागला."

"पुन्हा बघू," बाई म्हणाल्या. "कोरडा करून."

सासरेबुवांनी अंगातला सदरा काढून बापूंचं पोट पुसलं. तो चिंब झाला तसा बनियन काढला. लंबू म्हणाला, "सासरेबुवा, पायजमा तेवढा राहू द्या, मॅडम आहेत." त्यांना ते ऐकूही गेलं नाही. फाटकाशी खाटकाची गाडी येऊन उभी राहिली होती.

आणि नेमके आता बापू रुसले. उन्हात मख्खपणे उभे, रवंथ चालू. लंबूनं चुचकारलं, फिरवून आणलं, शिव्या घातल्या. ढिम्म! ज्या हातांनी सकाळी बादल्या ओतल्या, तेच हात जोडून सासरेबुवा त्याच्या कानाशी लागले. "बापू, पाया पडतो रे. तुझं वाटोळं मीच केलं. एवढी एक वेळ ऐक." खाटीक फाटकाला टेकून जांभया देत होता. उन्हं कलू लागली, तेव्हा कुठं बापूंच्या मनात आलं.

या खेपेला काचेखाली हालचाल होती. "जिवंत आहेत!" लंबू ओरडला. सासरेबुवा उघड्या अंगानं, मुलासारखे हमसून रडले. पण बाईंनी मान वर केली नाही.

"आहेत, पण फार थोडे. निम्म्याहून जास्त वेडेवाकडे. पाण्याचा दोष गेला, उन्हाचा राहिला. रेत तयार व्हायलाच दोन महिने लागतात. आज दिसतंय ते तेव्हाच्या आगीतलं. थंड जागी राहिला तर सुधारेल, कदाचित. इथं नाही सुधारायचा."

"म्हणजे नापास," साहेब म्हणाले.

बाईंनी फोन उचलला. केंद्राच्या डोंगरावरच्या शाखेशी बराच वेळ हुज्जत घातली, आणि मग सासरेबुवांकडे वळल्या. "ते ठेवून घेताहेत. पण नुसता वळू. राखणदार त्यांच्याकडे आहे. सुधारला तरी तो तिथलाच होईल, आणि नाही सुधारला तर..." त्यांची नजर फाटकाशी उभ्या गाडीकडे गेली. "तुम्ही सांगा, काय करू?"

सासरेबुवांनी दारातून बापूंकडे पाहिलं. वासरू असताना याला ताप आला होता, तेव्हा ते त्याच्याशेजारी गवतावर झोपले होते. बायकोला काय सांगायचं, हेही मनात येऊन गेलं.

"पाठवा," ते म्हणाले.

खाटीक रिकाम्या गाडीनिशी पुटपुटत गेला. डोंगराकडं जाणारा ट्रक आला, तर बापू फळीवर पाय ठेवेनात. शेवटी सासरेबुवाच आधी वर चढले. मग काय, बापू मुकाट्यानं मागोमाग चढले आणि त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभे राहिले. सासरेबुवांनी दावं कड्याला बांधलं.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. "काय हो, उतरताय की येताय?"

"उतरतो," सासरेबुवा म्हणाले, आणि बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधायला बसले.