तोरणमाळला निघाले आणि डॉक्टर झाले

तोरणमाळचं तळं बघायचं, बस्स, एवढंच ठरवून मी नाशिकहून निघाले होते. वसतिगृहातली माझी मैत्रीण सुनंदा आता शहाद्याला नर्स आहे, फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर. फोनवर म्हणाली, "ये ना व माय, गाडी त्याच वाटनी जास. पाड्यावर काम उरकलं की तुला वर सोडते." मी लगेच बॅग भरली.

जाणाऱ्यांसाठी सांगते: धुळ्याला गाडी बदलून एसटीने शहादा गाठता येतं, बायकांना अर्धं तिकीट. पाण्याची बाटली आणि भरपूर वेळ जवळ ठेवा. शहाद्याला उतरल्यावर शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली. नाकातून पाणी आलं, तरी रस्सा परत मागितला.

सकाळी लोणखेडा, म्हसावद मागे टाकलं. म्हसावदपर्यंत केळी, ऊस, कापूस, सगळं ओळखीचं. मग घाट सुरू झाला आणि माझा गोंधळही. गाव म्हणावं तर गाव दिसेना. एक घर या टेकडीवर, दुसरं पलीकडच्या. सुनंदाची गाडी एका मोहाच्या झाडाखाली थांबली आणि ती म्हणाली, "आला दवाखाना." मला तरी झाडच दिसत होतं.

हळूहळू चहूकडून बायका उतरू लागल्या. सुनंदा आणि पाड्यावरची आशाताई कामाला लागल्या. मी गळ्यात कॅमेऱ्याची काळी बॅग आणि डोक्यावर पांढरी टोपी घालून सतरंजीवर बसले. एका आजींनी येऊन थेट माझ्यापुढे हात धरला. नाडी बघा म्हणे! मी मान हलवतेय, हात जोडतेय, त्या काही हलेनात. गाडीचे ड्रायव्हर भिकनभाऊ हसत म्हणाले, "धरी ल्या ना ताई हात, तुमनं काय जाई ऱ्हायनं?" धरला. आजी समाधानाने उठल्या आणि त्यांच्या मागे दुसऱ्या बसल्या. मी बँकेत पासबुकं छापून देते हो, असं कुणाला आणि कुठल्या भाषेत सांगू? सगळं बोलणं तिथल्या पावरी बोलीत चाललं होतं.

मग सेवली आली. विशीची असेल, दिवस भरत आलेले, पाय सुजलेले. सेवलीचं बीपी दोनदा मोजून झालं आणि सुनंदाचा चेहराच बदलला. "आजच खाली मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं. उद्यावर टाकलं तर बाळाचं आणि हिचं, दोघांचं अवघड आहे."

सेवलीची सासू नाही म्हणाली. आशाताईने मला मराठीत समजावलं. सेवलीचा नवरा ऊसतोडीला गुजरातेत गेलाय. गेल्या वर्षी थोरली सून अशीच गाडीतून खाली गेली. गाडीला पुढचे पाडे करायचे असतात, ती सुनेला दवाखान्यात सोडून परत फिरली. तिथे त्या सुनेची भाषा कुणाला येईना, तिला काही विचारता येईना. बाकावर बसून बसून ती कुणाला न सांगता उठली आणि घाट चढून घरी आली. बाळ वाचलं नाही.

सुनंदा बोलत राहिली, सासू मान हलवत राहिली. मला कळेना चूक कुणाची मानावी. गाडी थांबली असती तर पुढच्या पाड्यांचं काय? आणि सासूच्या जागी मी असते तर पाठवलं असतं का?

एवढ्यात सेवलीने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. आशाताई म्हणाली, "ही बाई सोबत येऊन थांबणार असेल तर जाते, म्हणते."

"अगं सुनंदा, त्यांना वाटतंय मी..."

"आते बोलू नको. गाडीमा बैस."

बसले. सासूने या वेळी अडवलं नाही. घाटभर सेवलीने माझं मनगट सोडलं नाही. भीती वाटत होती, शरमही वाटत होती. मधेच काही झालं आणि तिने डॉक्टर म्हणून माझ्याकडे पाहिलं तर मी काय करणार होते? टोपी मात्र काढून बॅगेत कोंबली.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला लगेच दाखल करून घेतलं, औषध सुरू केलं. सुनंदा कागद सोपवून परत पाड्याकडे गेली. बायका झाडाखाली ताटकळत होत्या. मी खाटेजवळच्या स्टुलावर बसले. न राहवून म्हणाले, "सेवली, मी डॉक्टर नाही गं." तिला कळणार नाही याची खात्रीच होती.

"माहितीये," ती म्हणाली. स्वच्छ, आश्रमशाळेतलं मराठी. "डॉक्टर थांबत नाहीत. तुम्ही सकाळपासून नुसत्या बसून होतात. तुम्हाला दुसरं काम नव्हतं."

मला हसावं की रडावं समजेना. तोरणमाळचं नाव मी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सासू भाकरी बांधून आली, तोवर मी स्टुलावर होते. तिने अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. मग मी नाशिकची गाडी धरली.

घरी आल्यावर आठवड्यात सुनंदाचा फोन आला. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. मी बँकेतच रडले. तरी डोक्यातला गुंता सुटत नाही. मी केलं काय? बसले. एवढ्याशा गोष्टीवर दोन जीव अडले होते, हे मनाला पटत नाही, आणि खोटंही म्हणता येत नाही.

काल सुनंदाचा परत फोन. मोहाच्या झाडाखाली आलेल्या आणखी एकीला खाली दवाखान्यात न्यायचं निघालंय, आणि ती विचारतेय, बसणारी बाई कधी येणार?

"काय सांगू तिला?" सुनंदा म्हणाली.

मी फोन कानाला तसाच ठेवून रजा किती उरल्यात ते बघायला लागले.