अप्पांचे दोन खिळे

"शंभरात एक, सर," मी फोनवर सांगितलं.

"मग फार गाजावाजा नको," जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी म्हणाले. "जीप विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदोबस्तात आहे. आठवड्यानं बघू."

गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात काविळीची साथ होती. मी तिथल्या आरोग्य केंद्राचा डॉक्टर, नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं. शंभर आजाऱ्यांत मरतात किती, त्याला आम्ही फॅटॅलिटी रेट म्हणतो. रजिस्टरात रोगी शंभर, मयत एक. प्रश्नच मिटला.

आमच्या नर्स शोभाताईंना सातवा महिना होता. घरोघर रोगी शोधायचं काम त्यांचंच. त्यांनी विचारलं, "सर, फिरू का रजा टाकू?"

"अहो, शंभरात एक. घाबरता काय?"

त्या पिशवी उचलून गेल्या.

दहा दिवसांत रोगी तिप्पट झाले, मयत चार. रेट जवळपास तोच. आकडा म्हणत होता साथ सौम्य आहे, आणि गावात तर रडारड. माझं डोकं चालेना. पुन्हा भागाकार केला, उत्तर तेच. शेवटी राग काढायला कुणीतरी हवं म्हणून शिवअप्पांकडे गेलो.

अप्पा काविळीला झाडपाल्याची माळ घालत. डोक्यावर ठेवलेली माळ सैल होत पायापर्यंत उतरली की रोगी बरा, असा समज. त्यांच्या भिंतीला दोन खिळे होते. एकावर सोळा माळा, दुसऱ्यावर चार.

"ह्या बरे झालेल्यांच्या," अप्पा म्हणाले. "ह्या चार मयतांच्या. मी मागून घेतो."

"वीसच? गावात तीनशे रोगी आहेत!"

"बाकीच्यांच्या माळा अजून उतरायच्या हायत, डाक्टरसाब. त्यांचं आज काय सांगू? काल पिवळा झालेला माणूस तुमी वाचला म्हणून कसा धरायलाव?"

मी मनातल्या मनात रजिस्टरातल्या तारखा आठवल्या. तीनशेतले बहुतेक गेल्या चार-पाच दिवसांतले. त्यांचं काय होणार ते ठरलंच नव्हतं, आणि मी त्यांना जगलेल्यांत धरून मोकळा. इथं तर विसात चार! अप्पांकडे जास्त आजारीच येत असतील, अशी मनाची समजूत घातली. खरा आकडा मला आजही माहीत नाही.

"चौघांत तीन बाया दोन जिवांच्या व्हत्या," अप्पा म्हणाले.

मी पळत सुटलो. शोभाताई एका ओट्यावर टेकल्या होत्या. पापणी ओढून पाहिली. डोळा पिवळा.

"कधीपासून?"

"चार दिस झाले. लय मळमळायलंय. पण तुमीच म्हणालात शंभरात एक, म्हणून न्हाई बोलले."

एका आडत्याचा टेम्पो मागून त्यांना परभणीला नेलं. शोभाताई वाचल्या. मूल गेलं. त्याची लाज मला अजून वाटते.

माळेनं कावीळ जात नाही, हे मी आजही ठणकावून सांगतो. पण मोजायची रीत अप्पांचीच बरोबर होती.

दोन महिन्यांनी शोभाताई कामावर आल्या. अप्पांच्या दोन खिळ्यांचं मी त्यांना सांगितलं. रजिस्टर ओढलं, 'रोगी' आणि 'मयत' यांच्यामध्ये पट्टीनं एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'अजून कळायचं आहे'.

साथीत मी आधी तोच रकाना बघतो.