प्रार्थनेत शंकरचं नाव

१९६२ सालचा नोव्हेंबर, कोरेगाव. हजर: आजी, आई, दहा वर्षांची मी आणि दारात उभ्या शेजारच्या गोदाकाकू.

काल इथे सांगलीत वीज गेली होती. ती आल्यावर मेणबत्ती फुंकली आणि त्या धुराच्या वासानं ती संध्याकाळ समोर आणली.

आजी ब्रह्मदेशातली ख्रिस्ती. फौजेतल्या आजोबांशी लग्न करून ऐन तारुण्यात इकडे आली. चीनशी लढाई सुरू झाली आणि तिचे बारीक डोळे गल्लीला एकाएकी खुपू लागले. रोज दिवेलागणीला ती मेणबत्तीपुढे गुडघे टेकून आपल्या बोलीत प्रार्थना करायची. त्या दिवशी गोदाकाकूंना त्या प्रार्थनेत आपल्या आघाडीवरच्या मुलाचं नाव ऐकू आलं.

“आवं मावशी, माझ्या शंकरचं नाव कुणाला सांगताय? चिन्यास्नी व्हय?”

“देवाला.”

“मग मराठीत सांगा की!”

“भांडायला येती मला मराठी, गोदे. रडायला न्हाई येत.”

आई घाबरून दार लावायला उठली, पण काकू सरळ आत आल्या आणि आजीच्या ओठांवर नजर रोखून भिंतीशी बसल्या. शंकर परत येईपर्यंत त्या रोज आल्या. आम्हाला वाटायचं, पाळत ठेवतात. आता वाटतं, लेकाचं नाव ऐकायला येत असाव्यात.

आजी त्याच्यासाठी नेमकं काय मागायची, ते मात्र कुणालाच कळलं नाही. त्याच्या नावानंतरचे दोन शब्द मला अजून पाठ आहेत. ती बोली जाणणारं माणूस गाठून अर्थ विचारायचा आहे. अजून विचारलेला नाही.