प्रश्नावली आणि पोहे

खेड्यातल्या मुलींच्या शिक्षणावर संशोधन करायला मी सुमनआत्याला सोबत नेलं, ही चूक माझीच.

नायगावकडच्या गावांत माझी ओळख नव्हती आणि आत्याला प्रत्येक घरात चहा होता. तो का होता, याचा विचार मी केला नाही. (आत्यानं अर्ध्या तालुक्याची लग्नं जमवली आहेत. ती नव्या माणसासोबत दारात आली, की आत कांदा चिरायला घेतात.)

पहिलंच घर माधवरावांचं. मुलगी वैशाली, गावच्या शाळेतून निघून बी.एस्सी. झालेली. नांदेडला बी.एड. करायचं म्हणून वडिलांच्या मागं लागलेली. मला हवं होतं अगदी तसंच घर! मी पेन काढलं.

"मुलगी कॉलेजला एकटी जायची का?"

"कधीच न्हाई," तिची आई घाईनं म्हणाली. "संगं मैत्रिणी असायच्या."

"घरकामातून अभ्यासाला वेळ मिळायचा?"

"भाकरी, पुरण, समदं येतं तिला."

मी तेही लिहून घेतलं. "रेकॉर्डिंग केलं तर चालेल?"

"आत्ताच?" माधवराव दचकले. "आधी बोलणी तर होऊ द्या."

तेवढ्यात वैशाली साडी नेसून, पोह्यांचा ट्रे घेऊन आली. ट्रे तिनं माझ्यासमोर असा आदळला, की शेंगदाणे माझ्या प्रश्नावलीवर आले. मग कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"आत्या, हे काय करतेयस?" मी कुजबुजलो.

"गप खा. एका फेरीत दोन कामं झाली तर तुझं काय बिघडलं?"

इकडे माधवराव बायकोला सांगत होते, "जमायलंच हाय, तर बी.एड.चं ऱ्हाऊ दे आता."

वैशालीचा चेहरा उतरला. मुलींचं शिक्षण का थांबतं, हे शोधायला आलेला मी, आणि ते माझ्याच पायानं थांबत होतं! काहीही झालं तरी हे मोडायचंच, असं ठरवून मी उठलो.

"काका, मी स्थळ म्हणून आलो नाही. मी पीएच.डी. करतोय."

"कवापासून?"

"झाली काही वर्षं."

"पगार?"

"नाही."

"वय?"

"चौतीस," आत्या कपाळाला हात लावून म्हणाली.

"इषय काय म्हणला तुमचा?"

"मुलींचं शिक्षण अर्धवट का राहतं."

"आन् तुमचं?"

"ते... अजून अर्धवटच आहे."

वैशाली पदर तोंडाला लावून खुदकन हसली. माधवरावांनी माझ्या पुढ्यातली बशी शांतपणे आपल्याकडं ओढली आणि लेकीकडं वळले.

"वैशाले, कागदं काढ. उद्याच नांदेडला जाऊ. शीक बाई तू, न्हाईतर असल्याच्या गळ्यात बांधायची पाळी यील."