गवंड्याने बांधलेला थांबा

गवंड्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. काम आठचं, पण खोली शहराबाहेर, टेकडीच्या मागे. तिथलंच भाडं परवडायचं. फाट्यापर्यंत शेअर रिक्षा, पुढे दोन बस. खोलीच्या भाड्यात वाचलेले पैसे रिक्षावाला गिळायचा. बायकोची दाढ वर्षभर ठणकत होती. ती एकाच बाजूने चावायची.

“दारात बस आली, की रिक्षाचे पैसे तुझ्या दाढेला,” तो म्हणायचा.

“तोवर ती आपणहून पडेल.”

वस्तीने बस मागितली, तर बसवाल्या साहेबाने सांगितलं, गाडी वळायला जागा करा, मग पाठवतो. जागा कोण करणार? ज्यांना बस हवी होती, त्यांनीच केली. चार सुट्ट्या खड्डे भरण्यात आणि मुरूम ठोकण्यात गेल्या. थांब्याचा चौथरा गवंड्याकडे आला. शेजारी म्हणाले, चार विटा रच, टेकायला झालं. त्याने ऐकलं नाही. ओळंबा लावला, कोपरे काटकोनात घेतले, गिलावा घोटून काढला, आठवडाभर पाणी मारलं. कच्चं काम त्याच्या हातून होतच नसे.

बस आली. आठ दिवसांत घरमालकही आला आणि त्याच चौथऱ्यावर ऐसपैस बसला.

“काम पक्कं केलंस हो. आता खोलीला भाव आलाय. एक तारखेपासून भाडं वाढलं.”

“मालक, बस आम्ही आणली.”

“नाही कोण म्हणतंय? खोली तर माझी आहे ना? परवडत नसेल तर पलीकडच्या टेकडीमागे बघ. स्वस्त आहेत.”

“तिथे बस जात नाही.”

“म्हणूनच स्वस्त.”

थापी त्या वेळी गवंड्याच्या हातात नव्हती, हे मालकाचं नशीब.

घरी बायकोने आकडा ऐकला. “म्हणजे रिक्षाएवढंच.”

“वर थोडं जास्तच.”

“तुमची अर्धा तास झोप वाढलीय, ती धरायची राहिली वाटतं. सांगू नका त्याला.” ती हसली आणि लगेच गालाला हात लावला. त्याला हसू आलं नाही. दाढेचं नाव दोघांनीही काढलं नाही.

एक तारखेला त्याने वाढीव भाडं मालकाच्या हातावर ठेवलं. नवव्या मजल्याच्या परांचीवर, भर उन्हात, परक्याच्या भिंतींना गिलावा करून आणलेली ती मजुरी. तिच्यातून त्याला काय मिळालं? स्वतः फुकट बांधलेल्या थांब्यावर बस पकडायची मुभा. तीही एका महिन्यापुरती.