पाणी ओट्याला लागेपर्यंत

फोन आला तेव्हा मी दिनूची दवाखान्याची पिशवी भरत होते. सुषमा, माझी भावजय, "ताई…" एवढंच म्हणाली आणि पुढे नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. मी हातातली बाटली पिशवीत ठेवली. मग काढली. पुन्हा ठेवली…

दिनू माझा धाकटा भाऊ. आयुष्यभर त्यानं नागपुरात दुसऱ्यांची घरं आखली आणि शेवटी मोहाडीजवळ तलावाच्या काठी स्वतःचं बांधलं. छप्पर इतकं खाली उतरतं की उभ्यानं फक्त कवेलू, म्हणजे कौलंच दिसतात. बसलं की सगळा तलाव समोर. घर उन्हाळ्यात पुरं झालं. काठावरच्या जुन्या खुणा पाहून त्यानं ओट्याची शेवटची पायरी अशी बसवली होती, की भरल्या तलावाचं पाणी तिला नेमकं टेकावं. पावसाळा सरत आला तरी ते टेकलं नव्हतं. आणि हृदयाचं ऑपरेशन लगेच करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

शनिवार-रविवार राहायला ये, म्हणून त्यानं बोलावलं. मी गेले ती त्याला घेऊन यायलाच. तो मात्र ओट्यावर पाय पसरून, चहा गार होऊ देत, पाण्याकडे बघत बसलेला.

"बस ना ताई. उभी काहून आहे?"

"तू नागपूरले चाल, मंग बसीन."

"पाणी ओट्याले लागू दे. मंग जाऊ."

"अन् नाही लागलं तं?"

"लायब्ररीत लोकायले गप बसवते, अन् इथं तूच बडबडून राहिली!" तो हसला आणि हसतानाच त्याला दम लागला.

देवाकडे कधी काही न मागणारी मी, रविवारी काठावर जाऊन ढगांना हात जोडून आले. संध्याकाळी मला रडू आवरेना, तेव्हा तो म्हणाला, "बुधवारी ये गाडी घेऊन." मंगळवारी सुषमाचा फोन आला.

तलाव नंतर भरला. पाणी त्या पायरीला नेमकं टेकलं. लोक येऊन कौतुक करून गेले. मला ते पाणी पाहवलं नाही.

तरी दर शनिवारी मी जाते. सुषमा चहा ठेवायला आत गेली, की मी ओट्यावरच्या त्याच्या रिकाम्या जागेशेजारी दिनूशी भांडायला बसते. आता असे मुद्दे सुचतात, ज्यांवर त्याच्याकडे उत्तरच नसतं. "पाणी दरसाल येते, दिनू. आजच चाल." एवढी साधी गोष्ट तेव्हा सुचली नाही… मी ती मोठ्यानं म्हणते, आणि त्याला उठायला वेळ देते.