पंखातला राहिलेला टाका

“शेवटचा टाका राहिलाय बरं का, गुरुजी. घरच्या अक्काला सांगा. ध्यानात असू द्या.”

शिंपीअप्पांनी मला हे तीनदा बजावलं होतं. तिसऱ्यांदा तर दुकानाची पायरी उतरून रस्त्यावर माझ्या मागं आले होते. मी “व्हय, व्हय” म्हणालो आणि घरी पोचेपर्यंत विसरलो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या तपासणीला साहेब आले. मी नवी शेरवानी चढवून सलामाला हात उचलला, आणि काखेपासून कमरेपर्यंतची शिवण सरसर उसवत गेली. साहेबांनी माझ्या बनियनकडं निवांत पाहिलं. “मास्टर, हवादार सिलाई!” म्हणाले. शेरा चांगला दिला, पण पुढं वर्षभर खटकचिंचोळीत मला लोक ‘हवादार’ म्हणत.

चूक माझीच होती. अप्पांच्या घराण्याची रीत सगळ्या गावाला ठाऊक होती. नव्या कपड्याचा शेवटचा टाका शिंप्यानं घालायचा नाही. दोरा बोटभर मोकळा सोडायचा. घालणाऱ्याच्या घरच्या बाईनं तो टाका घालून गाठ मारली, की कपडा त्या घराचा झाला.

रीत साधी, पण अप्पांचं ते बजावणं साधं नव्हतं. एकदा पाटील नवा कोट घेऊन भालकीच्या बाजाराला निघाले, तर अप्पा गळ्यात टेप लटकवून बैलगाडीमागं धावत सुटले. “पाटील, टाका! टाका राहिलाय!”

“आरं, सांगितलंस की सकाळी!”

“पुन्हा सांगायलोय. ऐकलं म्हणा.”

“ऐकलं रे बाबा!”

असं तोंडानं वदवून घेतल्यावरच अप्पा थांबले. लोक हसले. त्या हसण्यात मी पुढं होतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दुसरी एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात बिदरकडून विमानं यायला लागली. सगळं गाव अंगणात येऊन माना वर करायचं. अप्पांचा हात तिथल्या तिथं थांबायचा. सुई कापडात अर्धी रुतलेली, ओठ पांढरे. घरघर पार विरली तरी ते ती सुई ओढायचे नाहीत. मी एकदा गंमत केली, “अप्पा, काय विमानाचं माप घ्यायलाव का?” त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी निमूट घरी आलो.

मग निजामी राजवटीचा शेवटचा पावसाळा आला. गावात कोण कुणाचा, कळेनासं झालं होतं. संध्याकाळी दारं लागायची. सणाच्या पुरणपोळीलासुद्धा लोक कुजबुजत जेवायचे. माझ्या बायकोला सातवा महिना होता. माहेरी पाठवावं तर रस्त्याचा भरवसा नाही, आणि ठेवावं तर माझा भरवसा नाही, असं तिचंच म्हणणं होतं.

एका सकाळी हिंदुस्थान सरकारची विमानं आली ती झाडांच्या शेंड्यांवरून. घराची कौलं खडखडली. मी क्षणात बाजेखाली शिरलो. बायकोला वाकता येत नव्हतं, म्हणून ती त्याच बाजेवर बसून राहिली. बिदरच्या बाजूनं धप्प, धप्प असे आवाज आले. तेवढ्यात समोरच्या दुकानातून अप्पा धावत आमच्या घरात आले आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले. हातात सुई तशीच.

“कुनाचा टाका राहिला असंल, अक्का?” ते बायकोला विचारत होते. “आत बसलेल्याला कुनी सांगितलं असंल का?”

मी बाजेखालून शहाणपणा केला. “अप्पा, आता विमानं पत्र्याची असतात. शिवत न्हाईत.”

“पत्र्याला बी खिळं असत्यात, गुरुजी. शेवटचा खिळा कुनीतरी मारतोच की.”

आवाज थांबले. बायकोनं त्यांना पाणी दिलं. त्या दिवशी अप्पांनी जे सांगितलं, ते पूर्वी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिली मोठी लढाई संपली तेव्हा अप्पा एका पलटणीचे शिंपी म्हणून पार वायव्य सरहद्दीवर गेले होते. तिथं विलायतेहून एक अजस्र विमान आलं. चार इंजिनं, एकावर एक असे दोन पंख. एवढे जड बॉम्ब घेऊन लांब जाता येतं का, हे अजमावायला बनवलेला पहिलाच नमुना. पण सांगाडा लाकडाचा आणि वर ताणून शिवलेलं कापड. वावटळीत खालच्या पंखाचं कापड फाटलं, आणि शिवायला पलटणीचे शिंपी लावले.

“पंखाच्या पोटाची शिवण माझ्याकडं होती. शिवली. अन् हातानं सवयीनं शेवटचा टाका सोडला. डोक्याला खबर न्हाई.”

सकाळी साहेबाचा हुकूम आला, शिवणीच्या हमीखातर, ज्यांनी शिवलं त्यांतला एक जण आत बसेल. अप्पांकडं बोट दाखवलं. चढताना त्यांना पंखाखाली बोटभर दोरा लोंबताना दिसला.

“मग बोलला कामून न्हाई?” बायकोनं विचारलं.

“भ्यालो, अक्का. नोकरी जाईल, मारतील. आत सहा मानसं. मी सातवा. एकालाबी सांगितलं न्हाई.”

विमान उडालं. शेपटीजवळ, तळाला बंदूकवाल्यासाठी ठेवलेल्या भोकात बसून अप्पा फक्त त्या दोऱ्याकडं बघत होते. दोरा थरथरला आणि एकेक टाका सुटू लागला. कापड दमलेल्या बैलाच्या पोटासारखं वर-खाली होऊ लागलं. खाली डोंगर होते. पुढं बसलेला एक कोवळा गोरा मागं वळून अप्पांकडं बघून हसला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

“ते हसनं अजून सपनात येतंय,” अप्पा म्हणाले.

विमान उतरलं तेव्हा वीतभर कापड उघडं होतं. साहेब शिडीवरून खाली येईपर्यंत अप्पांनी ते शिवून टाकलं. साहेबानं पाठ थोपटली. पुढं त्या विमानाची लाकडं वाळवीनं खाल्ली आणि ते पुन्हा उडालंच नाही.

“मग ही रीतच सोडायची, अप्पा,” मी म्हणालो.

“रीत खोटी न्हाई, गुरुजी. न सांगनं खोटं.”

त्या हिवाळ्यात अप्पा तापानं गेले. चौथ्या दिवशी त्यांच्या सुनेनं एक पुडकं आणून दिलं. आमच्या दीड महिन्याच्या लेकीसाठी त्यांनी अंथरुणात बसून कुंची शिवली होती. हिरवी, लाल काठाची. मानेपाशी बोटभर दोरा मोकळा होता.

मी म्हणालो, “राहू दे हा टाका असाच. त्यांची आठवण.”

“अन् पोरीला उघड्या शिवणीची कुंची घालू? सुई ओवून द्या,” बायको म्हणाली.

माझ्या हातानं दोरा चारदा चुकला. शेवटी तिनंच ओवला, सुई कापडाला लावली, आणि थांबली.

“आता काय?” मी विचारलं.

“न सांगता कसा घालू?” ती म्हणाली. “सांगा की तुम्ही, त्यांच्यासारखं. राहिलाय म्हणून.”